फ्रीज, किल्ला, आरसा

ऑटिझम का होतो, या प्रश्नाभोवती लिहिलेली पुस्तकं आणि लेख मी गेली तीन-चार वर्षं जमेल तसे वाचते आहे. मी डॉक्टर नाही, मेंदूविज्ञानाची विद्यार्थिनीही नाही. माझं काम भाषेचं. त्यामुळे वाचताना माझी पेन्सिल आकड्यांपाशी कमी आणि उपमा-रूपकांपाशी जास्त थांबली. ऐंशीएक वर्षांच्या या लिखाणात कुणी फ्रीज आणला, कुणी किल्ला, कुणी तुटका आरसा. आणि वाचत गेले तसं एक लक्षात आलं. घराघरांत पोचलं ते संशोधन नव्हतंच. पोचलं ते रूपक. आणि जवळजवळ प्रत्येक रूपकाने कुणाला ना कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. बहुतेक वेळा आईला.

म्हणून हा विषय एका साहित्याच्या जागी मांडते आहे. वैज्ञानिक पुस्तकाचीही समीक्षा करता येते: ते काय सिद्ध करतं हे एक, आणि सिद्ध करता न आलेलं कसं पटवून देतं, हे दुसरं.

अकरा मुलं आणि एक फ्रीज

सुरुवात १९४३पासून करू. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आठ मुलगे, तीन मुली. आज वाचतानाही तो निबंध गुंतवून ठेवतो, कारण कॅनर बघतात फार बारकाईने. एखादं मूल 'तू' आणि 'मी'ची अदलाबदल कशी करतं, फिरणाऱ्या वस्तूंकडे कसं तासन्‌तास बघतं, ठरलेला क्रम मोडला की कसं कोसळतं, हे ते शांतपणे नोंदवत जातात. पहिल्या मुलाच्या, डोनाल्डच्या, वडिलांनी त्यांना तेहतीस पानांचं पत्र पाठवलं होतं. कॅनर यांच्या निबंधाआधी त्यातल्या पहिल्या मुलाचं सविस्तर वर्णन अशा प्रकारे एका बापाने लिहिलेलं आहे, हे सहसा सांगितलं जात नाही.

निबंधाच्या शेवटी कॅनर म्हणतात, की माणसांशी भावनिक संपर्क साधण्याची ही अडचण मुलं जन्मतःच घेऊन येतात. पण त्याच निबंधात ते पालकांकडेही बोट दाखवतात. हे सगळे आईबाप उच्चशिक्षित. चार वडील मानसोपचारतज्ज्ञ, बाकीच्यांत वकील, प्राध्यापक, इंजिनिअर. अकरापैकी नऊ आया पदवीधर. आणि मायेचे म्हणावेत असे फार थोडे, असं त्यांचं निरीक्षण. साधा प्रश्न असा, की त्या काळी मूल बोलत नाही म्हणून थेट जॉन्स हॉपकिन्सपर्यंत पोचायचे कोण? शिकलेले, ओळखीपाळखी असलेले लोकच. चाळणीत जे उरलं त्याला कॅनर यांनी धान्याचा गुणधर्म मानलं.

पुढच्या काही वर्षांत पारडं जन्मजात कारणाकडून पालकांकडे झुकलं. १९४९च्या लेखात उपमा आली: ही मुलं जणू बर्फ कधीच न वितळणाऱ्या फ्रीजमध्ये नीटनेटकी ठेवलेली. त्यावरून पुढे 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्दप्रयोग रूढ झाला. महायुद्ध संपलेलं, अमेरिकेत घरोघरी फ्रीज येतो आहे, आणि त्याच घरातल्या बाईला फ्रीज म्हटलं जातं आहे. उपमा वापरातली, चटकन चित्र उभं करणारी. तिला पुरावा विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चांगलं लिहिलेलं घातक पुस्तक

ब्रूनो बेटलहाइम यांचं 'द एम्टी फोर्ट्रेस' १९६७मध्ये आलं. रिकामा किल्ला. यात तीन मुलांच्या विस्तृत कहाण्या आहेत. त्यातला स्वतःला यंत्र समजणारा जोई एकदा वाचला की विसरता येत नाही. जेवायचं, झोपायचं, तर आधी मनातल्या मनात प्लग लावायचा. बेटलहाइम यांची डॉक्टरेट व्हिएन्नातली आणि तीही सौंदर्यशास्त्रातली, हे कळल्यावर मला फारसं नवल वाटलं नाही. या माणसाला गोष्ट कशी उभी करायची ते माहीत आहे.

त्याहून अवघड गोष्ट ही, की ते १९३८-३९मध्ये डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांत कैदी होते. तिथे त्यांनी आशा सोडून दिलेली, आतून विझलेली माणसं पाहिली होती. शिकागोच्या निवासी शाळेत ऑटिस्टिक मुलं पाहिली तेव्हा त्यांना ती माणसं आठवली. इथवर आपण त्यांच्यासोबत जातो. पण मग ते एक पाऊल पुढे टाकतात. मूल जर कैद्यासारखं दिसत असेल, तर छावणीचा पहारेकरी कोण? उत्तर त्यांच्याकडे तयार आहे: आईबाप. हे मूल नसतंच तर बरं, अशी पालकांची इच्छा ऑटिझमला कारणीभूत होते, असं ते मांडतात.

या पुस्तकावर माझा आक्षेप नेमका याच उडीला आहे. 'अमुक तमुकसारखं दिसतं' हे निरीक्षण झालं. 'म्हणून ते तमुकच आहे' हा निष्कर्ष मध्ये एकही पायरी न बांधता येतो, आणि तो आपल्या गळी उतरतो तो केवळ लेखकाच्या अनुभवाच्या वजनामुळे. छळछावणीतून वाचलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? बेटलहाइम यांच्या मृत्यूनंतर, १९९०च्या दशकात, त्यांनी स्वतःच्या शिक्षणाबद्दल आणि उपचारांच्या यशाबद्दल बरंच वाढवून सांगितलं होतं हे समोर आलं. शाळेतल्या काही माजी विद्यार्थ्यांनी मारहाणीच्या तक्रारीही केल्या. पण पुस्तक गाजलं तेव्हा त्याचे परिणाम आयांनी भोगले. मुलांना घरापासून तोडणं हाच उपचार ठरला, आणि आयांनी स्वतःच्या मनात दडलेला द्वेष शोधत मानसोपचारतज्ज्ञांकडे वर्षानुवर्षं खेटे घातले.

कोरडं पुस्तक आणि जुळी मुलं

याच्या तीन वर्षं आधी, १९६४मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांचं 'इन्फंटाइल ऑटिझम' आलं होतं. रिमलंड अमेरिकन नौदलातले मानसशास्त्रज्ञ, आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडील. पुस्तक रुक्ष आहे. संदर्भ, तुलना, मुद्दे, प्रतिमुद्दे. जोईसारखं एकही पात्र नाही. पण ते एक गोष्ट चिकाटीने करतं: पालकांवरच्या आरोपाचा एकेक पुरावा हातात घेऊन उलटून पाहतं. याच आईबापांची बाकीची मुलं ऑटिस्टिक का नाहीत? लक्षणं इतक्या लहान वयात का दिसतात? एकसारख्या जुळ्यांत दोघंही ऑटिस्टिक का आढळतात? प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. १९६९मध्ये पालकांच्या संघटनेसमोर उभं राहून कॅनर यांनी आईबापांना निर्दोष ठरवलं. फ्रीजला घराबाहेर पडायला वीस वर्षं लागली.

रिमलंड यांनी विचारलेल्या जुळ्यांच्या प्रश्नावर पद्धतशीर काम झालं १९७७मध्ये. सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या एकवीस जोड्या अभ्यासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या दहा जोड्यांपैकी एकाही जोडीत नव्हता. नमुना लहान, पण दिशा स्पष्ट. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढणाऱ्या दोन प्रकारच्या जोड्यांत एवढा फरक असेल, तर आईचा थंडपणा हे कारण टिकत नाही.

मला इथे वाचनीयता विरुद्ध सत्य असा सोपा सामना लावायचा नाही. खुद्द रिमलंड पुढे जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसांच्या आणि लशींमुळे ऑटिझम होतो या मताच्या बाजूने गेले. एक खोटी गोष्ट मोडणारा माणूस दुसरीत अडकू शकतो. त्या दुसऱ्या गोष्टीचा पाया म्हणजे अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८चा बारा मुलांवरचा लेख. तो 'लॅन्सेट'ने २०१०मध्ये मागे घेतला. २०१९मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एमएमआर लशीचा आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही.

आंधळं मन, तुटका आरसा

ऐंशीच्या दशकात आरोपी बदलला. आता मेंदूची पाळी. १९८५चा एक प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. अ‍ॅन ती डब्यात हलवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? बहुतेक चार-पाच वर्षांची मुलं म्हणतात, टोपलीत. वीस ऑटिस्टिक मुलांपैकी सोळांनी दुसरीकडे बोट दाखवलं. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखण्याची क्षमता ऑटिझममध्ये बिघडलेली असते, हा सिद्धांत त्यातून पुढे आला. प्रयोग करणाऱ्यांपैकी सायमन बॅरन-कोहेन यांनी १९९५मध्ये पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'माइंडब्लाइंडनेस'.

वीसपैकी चार मुलांचं उत्तर बरोबर होतं, हे मूळ लेखात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण 'आंधळेपणा' या शब्दात त्या चौघांना जागा नाही. 'काही मुलांना काही परिस्थितीत अवघड जातं' हे विधान नावापर्यंत पोचता पोचता 'यांना दिसतच नाही' असं झालं.

आरशाचंही तसंच. इटलीतल्या पार्मा इथे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या स्वतः वस्तू उचलताना आणि दुसऱ्याला उचलताना पाहतानाही सक्रिय होतात. त्यांना मिरर न्यूरॉन म्हणतात. २००६मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि लिंडसे ओबरमन यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये ऑटिझमला या आरशांच्या बिघाडाशी जोडलं. शीर्षकातच तुटलेले आरसे. कल्पना देखणी होती आणि तपासण्याजोगीही होती, हे तिचं श्रेय. तपासल्यावर मात्र पुढच्या अभ्यासांत तिला सातत्याने आधार मिळाला नाही. तपासणीचे ते लेख फार लोकांनी वाचले नाहीत. आरसा मात्र अजून भाषणांत आणि रील्समध्ये तुटतोच आहे.

या सगळ्याला उलट प्रश्न विचारला तो २०१२मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने. ऑटिस्टिक माणसाला बाकीच्यांचं मन कळत नाही म्हणता. बाकीच्यांना त्याचं कळतं का? न कळणं दोन्हीकडून असेल, तर दोष एकाच मेंदूत का शोधायचा? मला हा युक्तिवाद मनापासून आवडतो, म्हणूनच त्याचीही बाकी मांडायला हवी. २०२०मध्ये कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग झाला. ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत जास्त गळली. मिल्टन यांना मोठा आधार. पण तोच प्रयोग जास्त माणसांवर पुन्हा केला तेव्हा तिन्ही साखळ्यांत फरक दिसला नाही. ऑटिस्टिक माणसांना संवाद जमतो, हे दोन्ही वेळा दिसलं. मिश्र साखळी तुटते, हे दुसऱ्यांदा दिसलं नाही. आवडत्या गोष्टीलाही ही अट लागू पडते.

रूपकाशिवाय सांगायचं तर

मग आज खात्रीने काय सांगता येतं? ऑटिझमची मुळं मोठ्या प्रमाणात जनुकीय आहेत. पाच देशांतल्या वीस लाख मुलांच्या २०१९च्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे ऐंशी टक्के आलं. याचा अर्थ, कुणाला ऑटिझम असतो आणि कुणाला नसतो या लोकसंख्येतल्या फरकाचा एवढा भाग जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो. एखाद्या मुलाचा ऐंशी टक्के ऑटिझम जनुकांमुळे, असा त्याचा अर्थ नाही. शिवाय जनुकीय म्हणजे घराण्यातून आलेलं असंच नव्हे. काही बदल आईत नसतात, वडिलांत नसतात. ते त्या मुलापासूनच सुरू होतात.

'ऑटिझमचं जनुक' नावाची वस्तूही नाही. २०२०च्या एका मोठ्या अभ्यासाने १०२ जनुकांकडे बोट दाखवलं. त्यांतली बरीच दोन कामांत गुंतलेली आहेत: इतर जनुकं कधी चालू-बंद व्हायची ते ठरवणं (उदाहरणार्थ सीएचडी-८), आणि मेंदूतल्या दोन पेशींमधला जोड उभा करणं, चालवणं (उदाहरणार्थ शँक-३). यांतली बहुतेक मेंदू घडत असताना, बाळ पोटात असतानाच कामाला लागलेली असतात. याखेरीज आईवडिलांचं वाढलेलं वय, खूप लवकर झालेला जन्म, गरोदरपणी घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध यांनी शक्यता वाढते. शक्यता वाढणं आणि कारण असणं यांतला फरक बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

मेंदूत काय दिसतं? थोरलं भावंड ऑटिस्टिक असलेल्या तान्ह्या बाळांचे स्कॅन करत गेल्यावर २०१७मध्ये आढळलं, की ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं त्यांच्या मेंदूच्या बाह्यस्तराचं क्षेत्रफळ सहा ते बारा महिन्यांच्या काळात जास्त वेगाने वाढलं होतं. म्हणजे कुणाला काही जाणवण्याच्या आधी. पण ही गटांची सरासरी आहे. एका मुलाचा स्कॅन बघून 'हा ऑटिझम' असं आज कुणीही सांगू शकत नाही. निदान अजूनही मुलाला बघून, त्याच्याशी खेळून, आईवडिलांशी बोलूनच होतं.

या परिच्छेदांमधून एकही चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं नसेल, तर ते साहजिक आहे. अनेक कारणं, अनेक वाटा, वेगवेगळी मुलं. एक बोलत नाही, दुसरं थांबत नाही. या सगळ्याला एक फ्रीज पुरत नाही.

पुन्हा आईकडेच

जुन्या चुका झाल्या त्या झाल्या, असं म्हणून पुस्तक मिटता आलं असतं. पण २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदर बायकांना पॅरासिटामॉल घेऊ नका असं जाहीरपणे सांगितलं, कारण ऑटिझम. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधल्या सुमारे पंचवीस लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर गोळी आणि ऑटिझम यांचा संबंध उरला नव्हता. म्हणजे फ्रीज गेला आणि गोळी आली. आईने माया दिली नाही, याऐवजी आईने ताप सोसला नाही. वाक्याचा कर्ता बदललेला नाही.

आणि अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? माझ्या नात्यातल्या एका मुलाला अडीच वर्षांचा असताना निदान झालं. आठवड्याभरात फॅमिली ग्रुपवर मोबाईलचे दुष्परिणाम सांगणारे फॉरवर्ड यायला लागले, कुणाचंही नाव न घेता. एका मावशींनी वहिनीला समोरच विचारलं, "तू जॉबला जायचीस तेव्हा त्याच्याशी कोण बोलायचं गं?" मावशींनी बेटलहाइम वाचलेला नाही. वाचायची गरजच नाही. रूपक पुस्तकातून सुटलं की हवेत राहतं. खूप स्क्रीन बघणाऱ्या मुलांत बोलणं उशिरा येण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हा खरा आणि वेगळा मुद्दा आहे; पण जो फरक पोटातच सुरू होतो, तो मोबाईलने आणलेला नसतो. वहिनीने त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. ती नोकरी सोडण्याचा विचार करते आहे हे मला नंतर कळलं. मुलाला थेरपीला न्यायला वेळ हवा म्हणून सोडली असती तर तो तिचा निर्णय. ती प्रायश्चित्त म्हणून सोडणार होती.

'स्वमग्न'

शेवटी आपल्या शब्दाकडे. मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. पालकांच्या गटांनी, शिक्षकांनी हा शब्द मायेने वापरला, शाळेत प्रवेश मिळवताना, हक्क मागताना वापरला. त्याबद्दल मला आदर आहे. तरीही शब्द म्हणून तो तपासायला हवा.

भाषांतर चोख आहे. 'ऑटोस' म्हणजे स्वतः. ऑइगेन ब्लॉयलर यांनी १९११च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं स्वतःत मिटून जाणं सांगायला 'ऑटिझम' शब्द घडवला. कॅनर यांनी तो उचलला. म्हणजे मूळ शब्दच एका जुन्या समजुतीवर उभा आहे, आणि आपण ती समजूत इमानाने मराठीत आणली. वर आपली एक छटाही घातली. मराठीत माणूस कामात मग्न असतो, भजनात मग्न असतो, विचारात मग्न असतो. मग्न असण्यात सुख आहे, थोडी मर्जी आहे, आणि हाक मारली तर बाहेर येण्याची शक्यता आहे. म्हणून 'स्वमग्न मूल' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचं वाक्य आपोआप तयार होतं: मग हाक मारा ना त्याला. नीट हाक मारली नसेल कुणी.

आता त्याच मुलाला मिक्सर सुरू झाल्यावर कानांवर हात दाबून बसलेलं बघा. लग्नाच्या हॉलमधले दिवे, बँड, परफ्यूम, गाल ओढणारे हात, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल. संवेदना अती तीव्र किंवा अती मंद असणं हे २०१३पासून निदानाच्या निकषांतच आहे. हे मूल स्वतःत बुडालेलं नाही. बाहेरचं जग त्याच्यात नको इतकं शिरतं आहे. आपण मात्र त्याला नेमकं उलटं नाव दिलं आहे.

मी स्वतः आता 'ऑटिझम' आणि 'ऑटिस्टिक' लिहिते. मूळ ग्रीक अर्थ तिथेही तोच आहे, पण मराठी कानाला तो ऐकू येत नाही. शब्द निदानाचं नाव एवढंच काम करतो, आणि सध्या तेवढंच हवं आहे. कुणाला याहून चांगला मराठी शब्द सुचला तर आनंदच आहे. तो घडवताना ऑटिस्टिक मराठी माणसांना विचारलं तर अधिक बरं. एवढं मात्र आधी तपासून बघावं: तो शब्द ऐकून मावशी वहिनीला काय विचारतील?